बुटका पट्टेदार गुलाब: निवड, लागवड आणि पट्टे टिकवणारी छाटणी

एकाच पाकळीवर दोन रंगांचे पट्टे, शिंतोडे किंवा फराटे असतील, तर त्या गुलाबाला पट्टेदार गुलाब म्हणतात. बहुतेक जातींत लाल किंवा गुलाबी आणि पांढरा अशी जोडी असते. काहींत लाल-पिवळी किंवा जांभळट-पांढरीही दिसते. नर्सरीत हे झाड फुलावर असेल तर नजर आधी तिथेच जाते आणि घरी आणले की पहिला हंगाम कौतुकात जातो. मग दोन-तीन वर्षांत अनेक घरांतून एकच तक्रार येते: झाड चांगले वाढले, फुलेही भरपूर येतात, पण पट्टे गेले. दोष खताला, मातीला किंवा नर्सरीवाल्याला दिला जातो. खरे कारण बहुधा झाडावरच, उघड्या डोळ्यांना दिसेल असे असते. वेळेवर ओळखले तर ते कात्रीने दूर करता येते.

इथे मुख्यतः गच्ची, बाल्कनी किंवा घरापुढच्या छोट्या बागेत मावणाऱ्या, म्हणजे साधारण एक ते तीन फुटांच्या पट्टेदार गुलाबांचा विचार केला आहे.

पट्टे येतात कुठून?

गुलाबातला लाल-गुलाबी रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. पाकळीच्या काही पेशींत हे रंगद्रव्य तयार होते आणि शेजारच्या पेशींत होत नाही, तेव्हा पट्टा दिसतो. पाकळी वाढत असताना एका पेशीपासून पुढे अनेक पेशी होतात आणि त्या लांबट पट्टीत पसरतात. त्यामुळे रंगाचा बदल लवकर झाला तर पट्टा रुंद येतो, उशिरा झाला तर बारीक शिंतोडा. म्हणूनच एका झाडावरची दोन फुले कधी सारखी नसतात. एक जवळजवळ पांढरे येते, दुसरे तीन-चतुर्थांश लाल.

पेशीतला रंगाचा जनुक असा मध्येच चालू-बंद का व्हावा? गारवेल वर्गातल्या फुलांत आणि स्नॅपड्रॅगनमध्ये याचे उत्तर ‘उड्या मारणारे जनुक’ असे मिळाले आहे. हे डीएनएचे तुकडे आपली जागा बदलतात आणि जिथे जाऊन बसतात तिथला जनुक बंद पाडतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीत दाण्यांवरून ही गोष्ट प्रथम ओळखली. त्यासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुलाबातले पट्टे हा रोग नाही, हेही इथेच सांगायला हवे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांसाठी लोकांनी वेडे पैसे मोजले, त्यांचे पट्टे विषाणूमुळे आले होते आणि तो विषाणू कंदाला हळूहळू कमजोर करत असे. पट्टेदार गुलाब निरोगी असतो. शेजारच्या झाडाला त्याच्यापासून काही लागत नाही.

युरोपातल्या झुडपापासून कुंडीपर्यंत

सर्वांत जुना प्रसिद्ध पट्टेदार गुलाब म्हणजे ‘रोझा मुंडी’. युरोपातल्या एका गडद गुलाबी गॅलिका गुलाबाच्या फांदीवर आपोआप झालेला हा बदल. अशा अचानक बदललेल्या फांदीला बागायतदार ‘स्पोर्ट’ म्हणतात. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी रोझामंड हिच्यावरून हे नाव पडले अशी दंतकथा आहे. मात्र ती बाराव्या शतकातली आणि या फुलाच्या नोंदी त्यानंतर काही शतकांनी सुरू होतात, त्यामुळे कथा कथा म्हणूनच ऐकावी. रोझा मुंडी वर्षातून एकदाच फुलतो आणि त्याला कडक थंडी लागते. महाराष्ट्रातल्या हवेत त्याच्या मागे लागू नये.

आजच्या बुटक्या पट्टेदार गुलाबांची वाट वेगळ्या झाडापासून निघते. १९२१ साली फ्रान्समध्ये ‘फर्डिनांड पिशार’ हा उंच वाढणारा पट्टेदार गुलाब बाजारात आला. कॅलिफोर्नियातले राल्फ मूर (१९०७–२००९) हे मिनिएचर गुलाबांवर आयुष्य घालवलेले संकरकार. त्यांनी या फुलातले पट्टे छोट्या झाडांत उतरवले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ ही लाल-पांढरी मिनिएचर जात दिली. पट्टे फक्त फांदीच्या अपघाताने मिळतात असे नाही, संकरातूनही ते पुढच्या पिढीत नेता येतात, हे या कामाने दाखवून दिले. १९९० च्या दशकातली ‘सेंटिमेंटल’ ही सुवासिक फ्लोरिबंडा जात टॉम कॅरुथ यांची. तीही त्याच वाटेवरची, आणि छोट्या बागेसाठी नावाजलेली.

भारतातही यावर काम झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘किस ऑफ फायर’ या जातीवर गॅमा किरणांचा मारा करून ‘अभिसारिका’ हा पट्टेदार गुलाब मिळवला. तो मोठ्या फुलांचा, हायब्रिड टी गटातला आहे, म्हणजे लहान कुंडीचा नव्हे. पण मोकळी जमीन असेल आणि मिळाला तर जरूर लावावा.

विकत घेताना

नर्सरीत ‘डबल कलर’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पाकळीची आतली बाजू एका रंगाची आणि बाहेरची दुसऱ्या रंगाची असेल तर तो दुरंगी गुलाब. ‘डबल डिलाइट’सारख्या जातीत मलईरंगी पाकळीच्या कडा उन्हाने लाल होत जातात. तो रंग बदलणारा गुलाब. दोन्ही सुंदर, पण पट्टेदार नव्हेत. पट्टेदार गुलाबाची कळी अर्धी उमलतानाच तिच्यावर फराटे दिसतात.

म्हणून झाड फुलावर असतानाच घ्यावे. एका फुलावर विसंबू नये. दोन-तीन फांद्यांवर पट्टे आहेत का, ते पाहावे. एकाच फांदीवर पट्टे आणि बाकीच्यांवर साधी लाल फुले असतील, तर ते झाड आधीच उलट्या वाटेला लागलेले आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा पाहणीचा उत्तम काळ. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासारख्या ठिकाणी जातीचे नाव लिहिलेली फुले शेजारी शेजारी पाहायला मिळतात. नाव टिपून घ्यावे आणि मग नर्सरी गाठावी.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘पट्टेदार गुलाबाच्या बियां’वर पैसे घालवू नयेत. निळे-पांढरे, हिरवे-काळे पट्टे दाखवणारी छायाचित्रे संगणकावर रंगवलेली असतात. आणि खऱ्या पट्टेदार जातीचे बी मिळाले, तरी बियांपासून आलेला गुलाब आईसारखा होत नाही. जात टिकवायची तर कलम किंवा छाट हाच मार्ग.

झाड डोळा भरून केलेले कलम आहे की छाटापासून वाढवलेले, हेही विचारून घ्यावे. कलम असेल तर खाली जोमदार खुंट असतो. झाड लवकर भरते, पण मिनिएचर जात अशा खुंटावर अपेक्षेपेक्षा उंच जाते. बाल्कनीसाठी छाटाचे झाड बरे. शिवाय थंड देशांतल्या पुस्तकात दिलेली उंची आपल्याकडे सहज अर्ध्या-एक फुटाने ओलांडली जाते, हे धरूनच जागा ठरवावी.

कुंडी, माती, ऊन

मिनिएचर गुलाबाला दहा इंची आणि फ्लोरिबंडाला बारा ते चौदा इंची कुंडी पुरते. खाली भोके मोकळी हवीत. देशावरची नुसती काळी माती कुंडीत भरू नये. पावसात ती चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. लाल किंवा पोयट्याची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि कोकोपीट व जाडसर वाळू मिळून एक भाग, हे मिश्रण चालते. त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे लावावे. पुढे खुंटाची फूट ओळखायची तर हा जोड दिसायला हवा.

ऊन रोज पाच-सहा तास तरी लागते, आणि शक्यतो सकाळचे. पट्टेदार फुलात पांढऱ्या भागावर सगळे आधी दिसते: दुपारच्या उन्हाने करपलेली कडा, फुलकिड्यांनी खरवडलेले तपकिरी डाग, पावसाचे ठिपके. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे दुपारची सावली मिळेल अशी जागा द्यावी. तेव्हाची फुले लहान आणि फिकी येणारच, त्यावरून झाडाची परीक्षा करू नये. कोकणात प्रश्न उलटा. तिथे पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून, शक्य तर पागोळीपासून दूर ठेवाव्यात.

पावसाळी हवेत फिक्या पाकळ्यांवर बारीक गुलाबी गोल ठिपके उठतात आणि ‘नवीन नक्षी आली’ असा समज होतो. ते करड्या बुरशीचे लक्षण असते. पट्टा पाकळीच्या लांबीने धावतो, ठिपका गोल असतो, एवढा फरक लक्षात ठेवावा आणि अशी फुले काढून टाकावीत.

पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्यावे. संध्याकाळी पाने भिजली की काळ्या ठिपक्यांच्या रोगाचे फावते. अशी पाने गळाली की वेचून कचऱ्यात टाकावीत, कुंडीतच कुजू देऊ नयेत. बोअरचे जड पाणी असेल तर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची उणीव. मातीत लोह असले तरी क्षारांमुळे मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे आणखी शेणखत घालून ती भरत नाही. चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे आणि साठवलेले पावसाचे पाणी अधूनमधून वापरावे. नुसते नत्र देत राहिले तर झाड पानांनी भरते, उंच होते आणि बुटकेपणाच जातो.

पट्टे जाण्याची दोन कारणे

पहिले कारण खुंट. कलमाच्या जोडाखालून किंवा थेट मातीतून एखादा जोमदार, सरळसोट फुटवा येतो. त्याची पाने वेगळ्या ठेवणीची, काटेही वेगळे. घरात आनंद होतो की झाडाने जोर धरला. प्रत्यक्षात ती रानगुलाबाची फूट असते आणि वर्षभरात वरच्या कलमाची उपासमार करते. ‘सात पानांची फूट म्हणजे रानटी’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो खात्रीचा नाही. चांगल्या जातींवरही सात पर्णिकांची पाने येतात. माती थोडी उकरून फूट कुठून निघाली ते पाहणे हाच खरा उपाय. जोडाखालून असेल तर वरवर कापू नये, कारण कापलेल्या जागेवरून दोन येतील. बुंध्याशी धरून खाली ओढून मुळासकट तोडावी.

दुसरे कारण अधिक फसवे. फूट जोडाच्या वरची, पाने-काटे अगदी जातीचे, पण फुले मात्र एकरंगी. ही फांदी मूळ रंगावर परतलेली असते. ‘रोझा मुंडी’सारख्या, स्पोर्टमधून आलेल्या जातींत हे बरेचदा होते. संकरातून आलेल्या जातींत कमी, पण तिथेही होते. फांदी एकदा पूर्ण परतली की तिच्यावर पट्टे पुन्हा येतील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ती जागा आणि अन्न खात राहते आणि जोमदार असली तर पट्टेदार फांद्यांना झाकून टाकते.

अडचण अशी की छाटणीच्या वेळी झाडावर फुले नसतात, आणि फुलांशिवाय परतलेली फांदी ओळखता येत नाही. त्यामुळे ओळखण्याचे काम बहर असताना करावे लागते. एकरंगी फूल दिसले की त्या फांदीला लोकरीचा धागा बांधून ठेवा. एका फुलावर निकाल देऊ नका. पट्टेदार फांदीवरही अधूनमधून जवळजवळ एकरंगी फूल येते, विशेषतः उन्हाळ्यात. त्याच फांदीवर हिवाळ्यात सलग दोन-तीन फुले साधी आली, तर छाटणीला ती जिथून निघाली तिथूनच काढून टाका. वर दोन डोळे ठेवून कापले तर तेच डोळे पुन्हा साधी फुले देतील. आणि ज्या फांदीवर सर्वांत स्वच्छ पट्टे येतात तिला वेगळ्या रंगाचा धागा बांधा. छाट घ्यायचे ते तिचेच.

मुख्य छाटणी पावसाळा सरल्यावर, साधारण दसऱ्याच्या आसपास करावी. सुकलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी जातात. उरलेल्यांचा वरचा तिसरा भाग, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप देऊन कमी करावा. बुटक्या जातींना यापेक्षा कठोर छाटणी लागत नाही. हायब्रिड टीसारखे गुडघ्याखाली कापत बसू नये. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावली की शेंड्याकडून वाळत येणाऱ्या फांद्या कमी होतात. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४० ते ५० दिवस लागतात. घरात डिसेंबरच्या सुरुवातीला कार्य असेल तर हिशेब त्यावरून करावा.

बागेत कुठे आणि कसा शोभतो

पट्टेदार गुलाब हे जवळून पाहायचे फूल आहे. दहा-पंधरा फुटांवरून लाल आणि पांढरा मिसळून नुसता गुलाबी दिसतो आणि मग त्यापेक्षा साधा लाल गुलाब बरा वाटतो. त्यामुळे हे झाड फाटकापाशी किंवा बागेच्या टोकाला लावण्यापेक्षा पायऱ्यांच्या कडेला, झोपाळ्याशेजारी, गच्चीच्या कठड्यालगत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठेवावे. मिनिएचर असेल तर कुंडी स्टुलावर किंवा विटांच्या ओट्यावर चढवावी म्हणजे फूल कमरेच्या उंचीवर येते. कठड्यावरची कुंडी तारेने बांधून ठेवायला विसरू नये.

शेजार साधा हवा. आपल्या बागांत क्रोटन, कोलियस, रंगीत पानांचा डुरांटा आधीच असतात आणि पट्टेदार फूल त्यांच्यात हरवते. मागे गडद हिरवा पसारा असावा: कढीपत्ता, मोगरा, कुंद यांपैकी काहीही चालेल. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे पांढरे पट्टे विरून जातात, तर विटांची किंवा शेवाळी भिंत ते उठवते. पायाशी हिवाळ्यात पांढरे अ‍ॅलिसम पेरावे, नाहीतर माती मोकळीच ठेवावी. कुंडीही मातीची, बिननक्षीची. आणि दोन वेगळ्या पट्टेदार जाती शेजारी शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा, दोन्हींची शोभा जाते. पट्टेदार झाड एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा किंवा त्याच्याच लाल रंगाचा साधा गुलाब, ही मांडणी मला सर्वांत पटते.

घरच्या बागेत फूल कोण, कसे तोडतो यावरही झाडाचा आकार ठरतो. देवासाठी रोज सकाळी फक्त मुंडके खुडले तर खाली वाळकी दांडी उरते आणि झाड विस्कटते. आजी-आजोबांच्या परडीत एक छोटी कात्री ठेवावी आणि पाच पर्णिकांच्या पहिल्या भरलेल्या पानाच्या वर काप घ्यावा. पुढचा फुटवा तिथूनच येतो. फूल वापरायचे नसेल तरी कोमेजल्यावर असेच कापावे.

किडींसाठी आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू पाहणे आणि मावा दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे, एवढ्यात पुष्कळ भागते. लागलेच तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब द्रवरूप साबण घालून ऊन उतरल्यावर फवारावे. रासायनिक फवारणी केली असेल तर ती फुले वेणीत माळायला, नैवेद्याच्या ताटात ठेवायला किंवा लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाच्या पाकळ्यांचाही गुलकंद करू नये, कारण तिथे काय फवारले ते आपल्याला ठाऊक नसते. गुलकंदाला तसेही सुवासिक देशी गुलाबच लागतो. बहुतेक बुटक्या पट्टेदार जातींना वास बेताचाच असतो, ‘सेंटिमेंटल’ हा त्याला अपवाद.

फुलदाणीसाठी कळी अर्धी उमललेली असताना, सकाळी लवकर कापावी. या जातींचे देठ आखूड असतात, म्हणून उंच काचेच्या फुलदाणीऐवजी पसरट वाटी किंवा पितळी गडू बरा. वाटीत तीन फुले ठेवायची तर कमी पट्ट्यांचे, मध्यम आणि जास्त लाल अशी तीन वेगळी निवडा. एकाच झाडाची ती आहेत हे पाहुण्यांना सांगावे लागते.